हाडं कुत्र्याला घालण्याआधी

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी उरलेली बिर्याणी हाडांसकट गल्लीतल्या कुत्र्यापुढे टाकली जाते. नियत नेक, पण शिजलेलं हाड तडकतं आणि त्याच्या टोकदार कपच्या आतड्यात रुततात. कांदा-लसूणही कुत्र्याला बाधतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. साधा भात आणि हाड काढलेलं, बिनमसाल्याचं उकडलेलं मटण द्या. शेजारी पाणीही ठेवा.

आमच्या पाचवीतला एक मुलगा खाणाऱ्या कुत्र्याजवळ गेला आणि कुत्रा चावला. "सर, तो तर शेपूट हलवत होता!" अंग आखडलेलं आणि शेपूट ताठ वर असेल, तर ते हलणं लाडाचं नव्हे, 'लांब राहा' असं सांगणं असतं. दादीने जखमेत हळद भरली होती. आम्ही साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुतली आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू केली.