हौजाचे पाणी कुठे जाते?

या ईदला शीरखुर्म्याचे पातेले घेऊन मी शेजारच्या काकूंकडे गेले. त्या वाटी रिकामी करायला आत गेल्या आणि माझी नजर त्यांच्या मागच्या खोलीच्या भिंतीवर पडली. जमिनीपासून कमरेपर्यंत ओल चढलेली, रंगाचे पापुद्रे सुटलेले, खाली पांढरी भुकटी. ही भिंत आमच्या अंगणाला लागून आहे आणि तिच्या पलीकडे आमचा हौज आहे.

"काकू, हे कधीपासून?"

"झाले असेल वर्ष. अहो बाई, अब्बाजींच्या हातचा हौज आहे तो, म्हणून बोलले नाही."

मी घरी आले आणि त्या दिवशी मला शीरखुर्मा गोड लागला नाही.

हा हौज माझ्या सासऱ्यांनी बांधला. 6 फूट लांब, 4 फूट रुंद, 2 फूट खोल. अम्मी त्याच्या काठावर बसून लोट्याने वुजू करतात, वापरलेले पाणी पन्हाळीतून लिंबाच्या झाडाला जाते. डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडलेले आहेत. पाणी कमी होते हे आम्हाला माहीत होते. गेल्या वर्षी एका मिस्त्रीने तळ नव्याने गिलावा करून दिला, पैसे घेतले, आणि पाणी कमी होतच राहिले. "उन्हाने आटते," असे म्हणून आम्ही रोज नळी सोडत होतो. धाकटे दीर तर म्हणाले, हौज बुजवून टाकू, दोन मोटारसायकली उभ्या राहतील. अम्मी काही बोलल्या नाहीत. रात्री मला एवढेच म्हणाल्या, "दुल्हन, पानी किधर जा रा, पैले वो तो देखो."

तेव्हा आधी पाहायचे ठरवले. हौजात दोन विटा ठेवल्या, त्यावर एक बादली ठेवली, बादलीतही हौजाच्याच पातळीइतके पाणी भरले आणि दोन्हीकडे खडूने खूण केली. ऊन दोघांवर सारखेच पडणार. बादलीतून जेवढे जाईल तेवढे आटलेले, हौजातून त्याच्यावर जेवढे जाईल तेवढी गळती. चोवीस तासांनी लेकीने पट्टी लावली. बादलीत पाव इंच कमी, हौजात सव्वा इंच. म्हणजे रोज एक इंच गळत होते.

हे गणित मी सातवीच्या वर्गालाही घातले. 6 गुणिले 4 म्हणजे 24 चौरस फूट, त्यावर एक इंच म्हणजे 2 घनफूट, म्हणजे सुमारे 56 लिटर. मोठ्या चार बादल्या! हजरत पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे दोन ओंजळी. पाऊण लिटर धरले तरी आमच्या गळतीत रोज 75 वुजू वाहून जात होते, पंधरा माणसांचे पाचही वेळचे. इस्राफवर आपण बयान ऐकतो आणि नळ घट्ट बंद करतो. पण हे पाणी नुसते वाया जात नव्हते, ते दुसऱ्याचे घर खात होते. पाण्याच्या उधळपट्टीची तौबा आपण अल्लाहकडे करू शकतो. शेजाऱ्याचा हक्क मात्र शेजाऱ्यानेच माफ करायचा असतो. हे मला जास्त टोचत होते.

मग नळी बंद केली आणि हौज आपोआप उतरू दिला. ही युक्ती सर्वांनी लक्षात ठेवावी : पाणी जिथे उतरायचे थांबते, भोक त्याच पातळीला असते. आमचे पाणी काठाखाली सात इंचांवर येऊन थांबले. तळाचा काही दोषच नव्हता! काकूंच्या बाजूच्या भिंतीवर त्या रेषेत दोऱ्याएवढी चीर दिसली. खात्रीसाठी दोन बादल्या पाणी वाढवले, ते स्थिर झाल्यावर ड्रॉपरने चिरेजवळ थोडे दूध सोडले. दुधाची पांढरी रेघ सरळ चिरेत ओढली गेली. दीरही वाकून पाहू लागले.

मासे हौजाच्याच पाण्यासह टबमध्ये काढले, मांजरापासून राखायला वर जुनी ओढणी बांधली. दुसऱ्या मिस्त्रीने छिन्नीने चीर बोटभर खोल खोदली, बाहेर रुंद आत अरुंद अशी, आणि दोन्ही टोकांना चिरेच्या थोडी पुढेपर्यंत. वरवर सिमेंट फासले तर ते पुन्हा सुटते. आतून निघाले उंबराचे मूळ, करंगळीएवढे. हौज आणि कंपाउंडच्या फटीत रोप उगवले होते, मीच ते दोनदा वरून तोडून टाकले होते. आता मुळासकट काढले. खाच धुऊन ओली केली, सिमेंटची पातळ रबडी ब्रशने लावली, त्यावर एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू आणि वॉटरप्रूफिंग पावडर असा माल दाबून भरला. दहा दिवस ओले गोणपाट लावून ठेवले. हे काम अम्मींनी कोणालाही करू दिले नाही. फज्रला आणि असरला त्या स्वतः पाणी शिंपत.

नव्या सिमेंटचा क्षार पाण्यात उतरतो, तो माशांना मारतो. म्हणून हौज दोन-तीनदा भरून रिकामा करावा लागतो. पण मे महिन्यात, टँकर येत असताना, हजार-बाराशे लिटर पाणी तीनदा फेकायचे? मन झाले नाही. मृगाची वाट पाहिली, गच्चीची पन्हाळी हौजाकडे वळवली. पहिल्या दोन भरण्यांच्या पाण्याने अंगण, ओटा, जिना धुतले. झाडांना ते घातले नाही. मासे महिनाभर टबातच होते, तिथेच त्यांना पिल्ले झाली.

पाऊस उघडल्यावर दोन दिवस पुन्हा बादली ठेवली. दोन्ही खुणा सारख्या उतरल्या. लेकीने वहीत तारीख घालून लिहून ठेवले आहे.

काकूंकडे मी माफी मागायला गेले, रंगाचा खर्च आमचा असेही सांगितले. त्या म्हणाल्या, "आधी भिंत सुकू द्या, ओल्यावर रंग धरत नाही, दिवाळीला बघू." बरोबरच आहे. मी दर शुक्रवारी जाऊन भिंतीला हात लावून येते. खालचा वीतभर भाग अजून गार लागतो.