धाक चुकीच्या मलमाचा

सोलापुरात लेकराच्या कोपराच्या लवणीत इसब उठला, की दोन सल्ले हमखास मिळतात. "अंगातली उष्णता बाहेर पडतेय, दाबू नका," हा पहिला. "मेडिकलमधून ती ट्यूब आणा, दोन दिवसांत जातंय," हा दुसरा. आणि त्वचारोगतज्ज्ञांनी टॅक्रोलिमसचं मलम लिहून दिलं, की तिसरा सूर निघतो: "यानं कॅन्सर होतो म्हणे!"

उष्णतेची गोष्ट अर्धीच खरी. इथला उन्हाळा आणि घाम खाज चेतवतात. पण रोगाचं मूळ त्वचेच्या कमकुवत आवरणात आणि चेकाळलेल्या प्रतिकारयंत्रणेत आहे. ती शमवायची नाही, तर मुलानं रात्रभर रक्त येईतो खाजवायचं का?

कॅन्सरची शंका मात्र हवेतून आलेली नाही. २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या मलमावर चौकटीतला इशारा छापायला लावला. त्यामागे प्राण्यांवरचे प्रयोग होते, अवयव-प्रत्यारोपणानंतर हेच औषध पोटातून घेणाऱ्यांचा अनुभव होता. पण मलमातून रक्तात उतरतं ते बहुधा नगण्य. पुढे सुमारे ८००० मुलांचा दहा वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: कॅन्सर सहा जणांना झाला, आणि एरवीही साधारण तेवढेच अपेक्षित होते.

गंमत म्हणजे, या इशाऱ्याला बिचकणारं घर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन घातलेली मिश्र ट्यूब महिनोन्‌महिने चोळतं. कातडी कागदासारखी पातळ होते, शिरा दिसू लागतात. २०१८ मध्ये सरकारनं अशी कित्येक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या बंधनात आणली, तरी नुसतं नाव सांगून ती आजही मिळतात.

स्टेरॉइड वैरी नव्हे. भडका उडाला की तेच थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली लावावं. पण पापण्या, चेहरा, मान इथं टॅक्रोलिमस सरस, कारण त्यानं त्वचा पातळ होत नाही. दोन ते पंधरा वर्षांच्या मुलांना ०.०३ टक्क्यांचं, मोठ्यांना ०.१ टक्क्याचंही चालतं. महाग आहे, हे कबूल. सुरुवातीला आग होते आणि तिथंच अनेकजण ते फेकून देतात. ती आग बहुधा काही दिवसांत ओसरते. पू झालेल्या जागी मात्र लावू नये, उन्हापासून जपावं. (आणि सोलापुरी टॉवेलचा कितीही अभिमान असला, तरी इसबावर तो खसाखसा घासू नये.)

घरात ती मिश्र ट्यूब असेल, तर मनानं एकदम बंद करू नका. सिव्हिलच्या किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना सोबत न्या आणि किती महिने लावली, ते खरं सांगा.