खांद्यातला भराव काढा

१/ लग्नसराई जवळ आली की गुलमंडीपासून पैठण गेटपर्यंतच्या कापडबाजारात ‘इटालियन सूट’ हा शब्द कानावर पडू लागतो. त्या नावाखाली विकला जाणारा कोट बहुधा पॉलिएस्टरमिश्रित कापडाचा, छातीत कापडाला आतून चिकटवलेल्या थराचा आणि खांद्यांत जाड पॅड भरलेला असतो. इटलीतील ज्या शिलाईने, विशेषतः नेपल्सच्या शिंप्यांनी, जगभर नाव कमावले तिची खूण मात्र नेमकी उलट आहे: खांद्यात भराव जवळजवळ नाही आणि छातीत हाताने टाचलेला लवचीक कॅनव्हास. नाव एका शिलाईचे घ्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात तिच्याविरुद्धची वस्तू मारायची, असा हा व्यवहार आहे. त्या खांद्याचा इतिहास आणि छत्रपती संभाजीनगराशी असलेले त्याचे नाते या धाग्यात.

२/ प्रथम नेहमीचा आक्षेप. कोट हे परक्यांचे वस्त्र. त्याच्या खांद्याची एवढी चिकित्सा कशासाठी? हा आक्षेप घेणाऱ्याने शहरापासून शंभरएक किलोमीटरवरच्या अजिंठ्यात जावे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकीच्या अंगावर बाह्यांचे शिवलेले वस्त्र आहे. त्याच लेण्याच्या छतावर टोप्या आणि अंगरखे घातलेले परदेशी वळणाचे पुरुष आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी या मुलखात न शिवलेले आणि शिवलेले, इथले आणि बाहेरचे, दोन्ही प्रकारचे कपडे एकाच भिंतीआड नांदत होते. कापड कापून अंगाबरोबर शिवणे ही कल्पना इंग्रजांच्या बोटीतून उतरलेली नाही.

३/ पुढच्या शतकांतला अंगरखा पाहावा. त्यात पॅड नाही, बुकरम नाही. पुढचे पल्ले एकमेकांवर घेऊन बंदांनी बांधायचे. खांद्यावर कापड थेट हाडावर टेकते. हात वर नेताना वस्त्र ओढले जाऊ नये म्हणून काखेत एक चौकोनी तुकडा जोडतात. त्याला चौबगला म्हणतात. हा इवलासा तुकडा म्हणजे शिवणकलेतील मोठी अक्कल आहे: हालचालीचा प्रश्न काखेत सोडवला की खांद्याला काही सिद्ध करावे लागत नाही. नेपल्सच्या शिंप्याने हाच प्रश्न दुसऱ्या पद्धतीने सोडवला. त्याने मुंढा लहान आणि काखेशी उंच ठेवला, बाही त्याहून रुंद कापली आणि जादा कापड बारीक चुण्यांनी मुंढ्यात सामावले. सदऱ्याला बाही जोडावी तशी कोटाला जोडली.

४/ मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि या शहराची ओळख हिमरूशी जोडली गेली. सुती ताणा, रेशमी बाणा आणि मागच्या बाजूला सुटे राहिलेले रेशमी धागे, यांमुळे हिमरूला एक मऊ वजन येते. असे कापड स्वतःच्या भाराने खाली पडते. त्याला आतून टेकू लागत नाही. १७६३ मध्ये आसफजाही राजधानी इथून हैदराबादेस गेली, पण १९४८ पर्यंत हा मुलूख त्याच राज्यात राहिला. त्या राज्यात रुबाबाचे वस्त्र म्हणजे शेरवानी. दरबारात जायचे तर त्यावर दस्तार आणि बगलूस. गळाबंद, सरळ आणि लांब. भारदस्तपणा कापडाच्या पोतातून आणि उभ्या रेषेतून यायचा, खांद्यांच्या रुंदीतून नव्हे.

५/ मग खांद्यात कापूस कोंबण्याची हौस आली कुठून? तिचे एक मोठे मूळ युरोपातील लष्करी गणवेशात आहे. गणवेशाला व्यक्तीचे शरीर दाखवायचे नसते. रांगेत उभे असलेले उंच, बुटके, अशक्त, स्थूल असे सगळे शिपाई दुरून एकसारखे दिसावेत यासाठी छातीत आणि खांद्यात भर घातली जाते. लंडनच्या काही नामांकित शिंप्यांचा मूळ धंदाच लष्करी अधिकाऱ्यांचे कपडे शिवण्याचा होता, आणि ती करडी घडण पुढे नागरी कोटात उतरली. साहेबाच्या राज्यात तोच कोट अधिकाराची खूण ठरला. आज नवरदेवाच्या खांद्यावर बसलेले पॅड हे त्या कवायतीचे उरलेसुरले अवशेष आहेत.

६/ गंमत अशी की या कडकपणाला पहिला छेद लंडनमध्येच गेला. फ्रेडरिक शोल्टे या मूळच्या डच शिंप्याने पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेल्या राजपुत्रासाठी छातीवर आणि पाठीवर थोडे सैल कापड सोडलेला, मऊ खांद्याचा कोट घडवला. १९३० च्या दशकात नेपल्समध्ये जेन्नारो रुबिनाच्ची यांच्या दुकानात विन्चेन्झो अत्तोलिनी या कटिंग मास्टरने पॅड आणि जाड अस्तर काढून कोट आणखी हलका केला. त्या दुकानाचे नाव होते ‘लंडन हाउस’. ज्याला आज ‘अस्सल इटालियन’ म्हणून पूजले जाते, ते परक्यांचे घेऊन स्वतःच्या हवेला आणि अंगाला जुळवून घेतलेले वस्त्र आहे. नेपल्सने लंडनची नक्कल केली असती तर त्याचे नाव आज कोणी घेतले नसते.

७/ शिवाय ‘इटालियन’ ही एकच शिलाई नाही. १९४५ मध्ये रोममध्ये सुरू झालेल्या ब्रिओनीचा खांदा ठाशीव होता. १९७५ मध्ये मिलानमध्ये स्वतःची कंपनी काढणाऱ्या जॉर्जिओ अरमानी यांनी कोटाच्या आतले सांगाडे काढून टाकले. १९८० च्या ‘अमेरिकन जिगोलो’ या चित्रपटात रिचर्ड गेअरच्या अंगावर त्यांचे कपडे झळकले आणि ती ढब जगभर गेली. म्हणून दुकानदाराने ‘इटालियन’ म्हटले की पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: खांद्यात काय आहे? उत्तर देण्याऐवजी विक्रेता कापडावरचे लेबल दाखवू लागला, तर त्याला ठाऊक नाही किंवा सांगायचे नाही, एवढे समजावे.

८/ आता शरीराकडे वळू. मोबाइलवरच्या चित्रफितींतून दिला जाणारा सल्ला ठरावीक असतो: बारीक असाल तर पॅड वाढवा, पोट असेल तर कोट आवळा, बुटके असाल तर खांदे उचला. या सल्ल्यामागचे गृहीत असे की पुरुषाच्या शरीराचा एकच मान्य आकार आहे, आणि त्यापासून ढळलेले प्रत्येक शरीर दुरुस्तीला टाकायचे आहे. तिन्ही सल्ले शिवणकामाच्या कसोटीवरही चुकीचे आहेत. ते एकेक करून पाहू.

९/ सडपातळ माणसाच्या खांद्यावर जाड पॅड ठेवला की खांद्याची रेषा हाडाच्या पुढे जाते. पॅड संपतो तिथे बाही आत खचते आणि मान आणखी बारीक दिसते. कोट हँगरवर असल्यासारखा अंगावर टांगला जातो. मऊ खांद्याच्या कोटात शिवण हाडाच्या टोकाशी थांबते. छातीला लागणारी भर कॅनव्हास आणि कॉलरच्या हलक्या वळणातून मिळते. कंबरेला किंचित आत घेतले की जे अंग आहे तेच नीट दिसते.

१०/ पोट सुटलेल्या माणसाने कोट आवळला की बटणापाशी इंग्रजी एक्ससारख्या सुरकुत्या पडतात आणि नजर नेमकी तिथेच जाते. खांदे रुंद केले तर सगळा माणूस चौकोनी होतो. उपाय साधा आहे. खांदा मऊ आणि नैसर्गिक मापाचा, छातीवर थोडे सैल कापड, बटण पोटाच्या सर्वांत फुगीर भागाच्या जरा वर, कॉलर फार अरुंद नाही आणि विजार कंबरेवर, पोटाच्या खाली घसरलेली नाही. कापड खांद्यापासून खाली विनाअडथळा आले की पोट लपत नाही, पण कोट त्याच्याशी भांडतही नाही.

११/ कमी उंचीच्या माणसाला खांदे उचलल्याने उंची मिळत नाही. मान मात्र बुडते. त्याने पाहायच्या गोष्टी तीन. कोटाची लांबी बैठक जेमतेम झाकण्याइतकी असावी. मुंढा वर असावा, म्हणजे बाही बारीक राहते आणि हात उचलताना सगळा कोट वर येत नाही. आणि शर्टाची बाही मनगटाशी बोटभर दिसावी. मानेपासून जमिनीपर्यंतच्या अंतराचा साधारण निम्मा भाग कोटाने झाकावा, हे जुने मोजमाप इथे उपयोगी पडते.

१२/ एक प्रामाणिक हरकत मात्र आहे. ज्यांचे खांदे फार उतरते आहेत किंवा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे, त्यांच्यावर मुळीच भराव नसलेला कोट तिरका लोंबतो. हे खरे आहे. अशा वेळी चांगला शिंपी उतरत्या बाजूला कापसाचा पातळ थर देतो आणि खांद्याचा उतार कापातच सुधारतो. पण हा एका माणसाच्या मापाचा निर्णय झाला. आजार एकाला म्हणून औषध सगळ्या गावाला, हा न्याय तयार कपड्यांच्या बाजाराचा आहे; शिंप्याचा कधीच नव्हता.

१३/ हवामानाचा मुद्दा तर वादातीत आहे. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि लग्नाचे मुहूर्तही त्याच दिवसांत असतात. जाड पॅड, चिकटवलेला थर आणि पॉलिएस्टरचे पूर्ण अस्तर घातलेला कोट म्हणजे अंगावर चढवलेली बंद खोली. मोकळ्या विणीची हलकी लोकर, तागाचे किंवा सुती कापड, पाठीत अर्धेच अस्तर आणि रिकामा खांदा, यांतून वारा फिरतो. नेपल्सच्या शिंप्यालाही उन्हाळा ठाऊक होता. जी शहाणीव त्याला समुद्रकाठच्या उकाड्याने शिकवली, ती आपल्याला अंगरख्याने केव्हाच दिली होती.

१४/ ‘हे सारे खाऊनपिऊन सुखी माणसाचे चोचले,’ असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी थोडा इतिहास. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. उंची पोशाखांच्या त्या सभेत त्यांनी वस्त्रालाच साक्षीदार म्हणून उभे केले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीची ओळख पटवणारी नेसण्याची पद्धत आणि दागिने टाकून देण्यास सांगितले. एकाने साधे वस्त्र अंगावर घेतले, दुसऱ्याने लादलेले वस्त्र उतरवायला लावले. आपण काय ल्यायचे हे ठरवण्याचा अधिकार दोघांनीही स्वतःकडे घेतला.

१५/ कोट घातल्याने जात विसरली जाते असा भ्रम बाबासाहेबांना नव्हता. १९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या या विद्वानाला राहायला जागा मिळेना, आणि पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले. तरीही त्यांनी सूट टाकला नाही. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने याच शहरात महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. नागसेनवनात शिकून घरातला पहिला पदवीधर झालेल्या तरुणासाठी कोट ही चैनीची वस्तू नव्हती. मलिक अंबरने बांधलेल्या भडकल दरवाजाजवळ आज बाबासाहेबांचा पुतळा आहे. या शहरात कोटाकडे निव्वळ फॅशन म्हणून पाहणे म्हणजे शहरच न वाचणे होय.

१६/ म्हणूनच आजच्या बाजाराविरुद्धची तक्रार गंभीर आहे. मुलाखतीसाठी किंवा लग्नासाठी आयुष्यातला पहिला कोट घेणाऱ्या तरुणाला दुकानात पहिली गोष्ट सांगितली जाते ती ही, की त्याचे खांदे कमी पडतात. मग त्याला दुसऱ्याचे खांदे विकले जातात. दोन-चार धुलायांनंतर चिकटवलेला थर सुटू लागतो, छातीवर फुगे येतात आणि कोट कपाटात जातो. कॅनव्हास टाचलेला कोट उसवता येतो, कमीजास्त करता येतो, धाकट्या भावाच्या मापाचा करता येतो. टाचलेला कोट महाग वाटतो, पण वर्षांच्या हिशेबाने चिकटवलेलाच महाग पडतो.

१७/ हा मुलूख नरसीच्या नामदेवांचा. शिंप्याचा व्यवसाय इथे कमीपणाचा कधी नव्हता. तरीही जुन्या शहरात कच्चे टाके घालून ट्रायल घेणारे, काजे हाताने करणारे कारागीर आता शोधावे लागतात. त्यांच्याकडे गिऱ्हाइकाने जाऊन इतकेच सांगावे: पॅड नको, फार तर पातळ थर द्या, चिकटवू नका, टाचा, मुंढा वर घ्या, एक ट्रायल जास्त लागली तरी चालेल. ट्रायलच्या वेळी आरशासमोर ताठ उभे राहू नये. हात वर न्यावेत, खुर्चीत बसावे, कोणाला तरी मिठी मारून पाहावी. मानेमागची कॉलर जागची हलली नाही, तर कोट जमला.

१८/ हिमरू विणणाऱ्यांच्या आणि अंगरखे शिवणाऱ्यांच्या या शहराला मऊ खांद्याची किंमत नेपल्सकडून शिकावी लागावी, ही नामुष्की आहे. आणि नेपल्सच्या नावाने कडक खांदे विकत घ्यावेत, ही तिच्यावरची कडी. कोट कोणत्या देशाचा, हा प्रश्न फार जुना झाला. तो कोणाच्या मापाचा, हे विचारायला सुरुवात झाली पाहिजे.