फळ चाखून झाड ओळखू नका

चिंचपोकळीतल्या जुन्या आवारांत माड-पोफळीच्या जोडीला ताडाच्या जातीची शोभेची झाडेही असतात. त्यांखाली पडलेली लाल फळे मुले खिशात भरतात. एखादे दाताखालीही जाते. ते कशाचे, हे मात्र घरात कुणालाच सांगता येत नाही.

ओळख पानापासून सुरू करावी. पंख्यासारखे पान ताडाचे. पिसासारखे नारळ, पोफळ, शिंदी यांचे. शिंदीच्या पानाला देठाकडे काटे आणि तिच्या बीला लांबीभर खाच असते. पानाच्या पाती माशाच्या शेपटीसारख्या तिरप्या फाटलेल्या दिसल्या, तर तो भेरली माड. त्याच्या गोल फळात एक किंवा दोन बिया असतात, आणि गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. अळू, सुरण खाजते तेही याच स्फटिकांमुळे. ओठ, जीभ सुजते. गराच्या हाताने डोळे चोळले तरी आग होते.

‘पाम’ म्हणून विकला जाणारा सायकस तर ताडाच्या कुळातलाच नाही. त्याचे बी यकृताला घातक आहे.

सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांचा भारतातील ताडवृक्षांवरचा ग्रंथ १९२६ सालीच निघाला. शंभर वर्षांनंतरही आवारातल्या झाडाला नावाची पाटी नसते. सोसायट्यांनी एवढे तरी करावे.

फळ तोंडात गेलेच तर चूळ भरावी, हात धुवावेत, उलटी काढू नये. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, वा सायकसची शंका आली, तर तडक रुग्णालय गाठावे. सोबत उरलेले फळ, बी आणि पानाचा तुकडा न्यावा. नुसते ‘लाल फळ खाल्ले’ म्हटल्याने डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.