माध्यमिक शाळेतील कॅमेरा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली सामान्य शिक्षण आणि व्यवसाय शिक्षण यांच्यामधील भिंत पाडण्याची घोषणा केली. तेव्हापासून चित्रीकरण, संकलन, ॲनिमेशन या विषयांना शाळेत स्थान मिळावे, ही चर्चा वाढली आहे. केंद्रीय माध्यमिक मंडळाच्या अकरावी-बारावीत जनमाध्यमांचा अभ्यास हा विषय आधीपासूनच आहे. समाजवाद्यांनी या विषयाकडे शहरी चोचले म्हणून पाहू नये. परंतु तो कोणासाठी आणि कशासाठी शिकवावयाचा, हे विचारल्यावाचून त्याचे स्वागत करणेही भाबडेपणाचे ठरेल.

सरकारी कागदपत्रांत याचे उत्तर 'रोजगारक्षमता' या एका शब्दात संपते. म्हणजे मनोरंजन उद्योगाला स्वस्त हात पुरवावयाचे. रात्र रात्र जागून दुसऱ्याने काढलेल्या चित्रफिती जोडून देणारा, कामगार कायद्याच्या कक्षेत क्वचितच येणारा तरुण कारागीर आज प्रत्येक तालुक्याच्या गावी आढळतो. त्याच्या संख्येत भर घालण्यासाठी शाळेची गरज नाही. तेवढे कौशल्य बाजार फुकट शिकवतो आणि नंतर वसूलही करतो.

याच साधनाचा वेगळा उपयोग होऊ शकतो, याचा दाखला जुना आहे. १९८४ साली अहमदाबादेत 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने आपल्या सभासदांना व्हिडिओचे प्रशिक्षण दिले. त्यांत भाजी विकणाऱ्या स्त्रिया होत्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती. कॅमेऱ्याची आणि यंत्राच्या बटणांची खूण त्यांनी पाहून पाहून पक्की केली, आणि आपल्या कामाच्या, आपल्या अडचणींच्या चित्रफिती तयार करून त्या इतर कष्टकरी स्त्रियांना आणि अधिकाऱ्यांना दाखवल्या. ज्यांच्याविषयी इतरांनी बोलावयाचे, त्या स्वतः बोलू लागल्या. नववीतील मुलाला जे द्यावयाचे ते हेच: चित्र कोणी घेतले, चौकटीबाहेर काय ठेवले, कोणते वाक्य कापले, हे ओळखण्याची दृष्टी. अशी दृष्टी संकलनाच्या टेबलावर स्वतः कात्री चालवल्याखेरीज येत नाही.

महाराष्ट्र शासनाची या बाबतीतली कर्तबगारी मात्र लाजिरवाणी आहे. त्याच १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम निर्माण करणारी ती सार्वजनिक संस्था होती. पुढे केंद्राचे अनुदान आटले, राज्याने भार उचलला नाही, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ साली ती बंद करण्यात आली. तीनच वर्षांनी टाळेबंदीत शाळांना कुलपे लागली, आणि घरात बसलेल्या मुलांपर्यंत धडे कसे पोहोचवावयाचे याची शोधाशोध सुरू झाली! हाताशी असलेले यंत्र आपणच मोडून ठेवले होते, याची खंत कोणी जाहीरपणे व्यक्त केल्याचे दिसले नाही.

आता तर प्रत्येक मुलाच्या खिशात कॅमेरा आहे, मग शाळेने खर्च कशाला करावा, असा युक्तिवाद केला जातो. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाच्या २०२३च्या 'असर' पाहणीने त्याला परस्पर उत्तर दिले आहे. सुमारे नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन आढळला. पण तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के, आणि मुली अवघ्या २० टक्के. घरातला फोन बापाचा किंवा भावाचा असतो. मुलीला तो मागून, आणि बहुधा कोणाच्या तरी देखरेखीखाली मिळतो. तेव्हा 'घरूनच फोन आणा' म्हणणारी शाळा पहिल्याच दिवशी वर्गातील मुलींना मागच्या बाकावर बसवते.

म्हणून साधने शाळेच्या मालकीची असली पाहिजेत. महागडी प्रयोगशाळा मुळीच नको. चार साधे कॅमेरे, दोन संगणक आणि ते कुलपात न ठेवणारा मुख्याध्यापक एवढ्यावर सुरुवात होते. खरी अडचण शिक्षकाची आहे. व्यवसाय विषयांचे प्रशिक्षक खाजगी संस्थांमार्फत कंत्राटावर नेमावयाचे, चित्रकलेच्या शिक्षकाची जागा रिकामी ठेवावयाची आणि वर 'सर्जनशीलते'वर परिपत्रके काढावयाची, ही शिक्षण खात्याची रीत बनली आहे. पुढील वर्षी आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो प्रशिक्षक मुलांना गावातील सावकारीवर किंवा आटलेल्या विहिरीवर चित्रफीत करावयास सांगण्याचे धाडस कसे करील?

शिक्षक संघटनांनी या विषयाच्या कायम पदांची मागणी आपल्या मागण्यांत घातली पाहिजे, आणि पहिली पदे जिल्हा परिषदेच्या व आश्रमशाळांच्या वाट्याला यावीत, असा आग्रह धरला पाहिजे. इंग्रजी माध्यमाच्या शाळा आपली सोय करून घेतीलच.