घरची शाळा : ऋतुकाल आणि क्रीडांगण

संगमनेर येथील एका भगिनींनीं या सदराकडे प्रश्न पाठविला आहे. त्यांची कन्या तेरा वर्षांची असून शाळेच्या खोखो-संघांत खेळते. तालुक्याचे सामने ज्या आठवड्यांत आहेत, त्याच आठवड्यांत तिला पाळी येण्याचा संभव आहे. सासूबाईंचें म्हणणें असें कीं, या दिवसांत धांवल्यानें पुढें अपाय होतो, तेव्हां मुलीनें घरीं बसावें. मामंजी या बाबतींत बोलत नाहींत. यजमान 'हा तुम्हां बायकांचा विषय' म्हणून वर्तमानपत्र उघडतात. मुलगी रडते. 'मीं कोणाचें ऐकावें?' असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न एका घरचा नाहीं. प्रवरेच्या कांठच्या या गांवांत पस्तीस वर्षें शिकवितांना मीं एक गोष्ट सतत पाहिली. पांचवी-सहावींतल्या मुली मधल्या सुटींत मुलांच्या बरोबरीनें धांवतात. आठवी-नववींत गेल्या कीं त्यांतल्या पुष्कळशा मैदानाच्या कडेला बसूं लागतात. क्रीडाशिक्षकांच्या हातीं 'पोट दुखतें' एवढ्या दोन शब्दांची चिठ्ठी येते. त्या दोन शब्दांआड काय आहे हें शिक्षक जाणतो, विद्यार्थिनी जाणते, आणि कोणीच कांहीं विचारीत नाहीं. अशीं दोन वर्षें गेलीं कीं मुलगी संघांतून गळते, आणि आपण म्हणतों, 'तिला आतां खेळाची आवड राहिली नाहीं.' ती आवड मुलीच्या शरीरानें हिरावून घेतली कीं आपल्या घरानें व शाळेनें, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे.

प्रथम सासूबाईंच्या आक्षेपाचा विचार आदरपूर्वक करूं, कारण त्याला ग्रंथाधार आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत, दुसऱ्या अध्यायांत, रजस्वलेनें काय वर्ज्य करावें तें सांगितलें आहे. दिवसा निजणें, काजळ घालणें, रडणें, नखें काढणें, हसणें यांबरोबर 'प्रधावन' म्हणजे धांवणें हेंहि त्या यादींत आहे. परंतु पुढचें वाक्य वाचल्याशिवाय ग्रंथ मिटूं नये. पुढें काय आहे? दिवसा निजल्यास मूल झोंपाळू होतें, काजळ घातल्यास आंधळें होतें, नखें काढल्यास त्याचीं नखें बिघडतात, आणि धांवल्यास तें चंचल होतें. म्हणजे हा सर्व उपदेश गर्भधारणेची इच्छा करणाऱ्या विवाहितेस आहे, आणि सांगितलेला दोष होणाऱ्या संततीचा आहे. तो तेरा वर्षांच्या शाळकरी मुलीस लावणें म्हणजे एकाचें औषध दुसऱ्यास पाजणें होय. शिवाय काजळाचा आणि हसण्याचा नियम आज आपल्या किती घरांत पाळतात? एक धांवणेंच तेवढें लक्षांत राहिलें, याचें कारण ग्रंथांत शोधून सांपडणार नाहीं. तें आपल्या सोयींत आहे.

विटाळाला आधार म्हणून तैत्तिरीय संहितेंतील कथा दाखवितात. विश्वरूपाच्या वधानें इंद्रास ब्रह्महत्या लागली. तिचा एक तृतीयांश पृथ्वीनें, एक वृक्षांनीं व एक स्त्रियांनीं, वर मागून घेऊन स्वीकारला. कथा जशीच्या तशी मानली तरी पाप इंद्राचें, आणि स्त्रियांनीं तें वांटून घेऊन त्याच्यावर उपकारच केला. पृथ्वीनें व वृक्षांनींहि भाग घेतला. त्यांना आपण शिवतों, इतकेंच काय, पूजितों. ज्या घरांत देवघरापुरता आचार पाळावयाचा असेल, त्या घराचा तो प्रश्न. मैदानावर देवघर नाहीं, एवढेंच माझें म्हणणें.

आतां वैद्यकाचें मत. निरोगी मुलीच्या एका पाळींत साधारणतः ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातें. ८० हून अधिक गेल्यास तें अति समजतात. माफक व्यायामानें अपाय होत नाहीं. पुष्कळ जणींचें पोटदुखणें त्यानें कमीच होतें. एखाद्या दिवशीं दुखणें फार असेल तर विश्रांति अवश्य घ्यावी, मात्र तो निर्णय त्या मुलीचा असावा. खरी काळजी निराळीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकीं ५९ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. तेव्हां खेळणाऱ्या मुलीच्या पानांत पालेभाजी, कडधान्यें व अळीव असावे, लिंबू पिळावें, आणि जेवणावर लगेच चहा देऊं नये. पाळी सात दिवसांहून अधिक चालली, तासा-दोन तासांस पॅड भिजूं लागला, दुखण्यानें शाळा बुडूं लागली, किंवा जोराचा सराव करणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आलीच नाहीं, तर तिला डॉक्टरांकडे न्यावें. हें शेवटचें लक्षण पुष्कळ घरांत 'बरें झालें, कटकट गेली' म्हणून सोडून देतात. वस्तुतः श्रमाच्या मानानें पोटांत अन्न कमी पडत असल्याची ती खूण असूं शकते, आणि त्यानें हाडें दुबळीं होतात.

म्हणजे निरोगी मुलीला कडेला बसविणारें कारण तिच्या शरीरांत नाहीं. हातीं योग्य साधन नसणें, तें बदलावयास जागा नसणें आणि त्याविषयीं बोलावयास माणूस नसणें, हीं तीं कारणें होत.

साधनाचें पाहूं. जुन्या लुगड्याची घडी घरांत बसणाऱ्या बाईस पुरत असे. खांबाशीं सूर मारणाऱ्या मुलीस ती पुरत नाहीं. घडी सरकेल, डाग दिसेल, या भयानें ती जागची हालत नाहीं. वरील पाहणींत १५ ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकीं ७७ जणी आरोग्यास योग्य साधन वापरतात असें दिसलें. २०१५-१६ च्या पाहणींत हा आंकडा ५८ होता. ही सुधारणा आपोआप झाली नाहीं. २०१७ सालीं पॅडांवर १२ टक्के वस्तु-सेवा कर बसला होता. पुष्कळ ओरड झाल्यावर तो जुलै २०१८ मध्यें उठला. ८ मार्च २०१८ रोजीं महाराष्ट्र शासनानें 'अस्मिता' योजना आरंभिली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींस आठ पॅडांचें पाकीट पांच रुपयांस देऊं केलें. जनऔषधि केंद्रांत तर २७ ऑगस्ट २०१९ पासून एका पॅडची किंमत एक रुपया करण्यांत आली. एका पाळीस पंधरा-वीस पॅड धरले तरी वीस रुपयांत काम भागतें. एक लिटर दूध याहून महाग आहे. तेव्हां आपल्यासारख्या घरांना खर्च जड नाहीं. जड आहे तें दुकानांत नांव घेणें. दुकानदारहि तें पाकीट वर्तमानपत्रांत गुंडाळून असें हळूच पुढें करतो, जणूं चोरीचा माल आहे.

जागेचें आणि बोलण्याचें एकत्रच सांगतों. जुलै २०२५ मध्यें ठाणे जिल्ह्यांतील शहापूर येथील एका शाळेच्या स्वच्छतागृहांत रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींस गोळा करण्यांत आलें आणि कोणास पाळी आली आहे हें पाहण्यासाठीं कित्येकींचीं वस्त्रें उतरविण्यांत आलीं. पालकांनीं फिर्याद दिली व मुख्याध्यापिकेस अटक झाली. तें वृत्त वाचतांना मला सभापर्व आठवलें. द्रौपदीस सभेंत ओढून आणलें तेव्हां ती रजस्वला व एकवस्त्रा होती, आणि तसें तिनें स्वमुखानें सांगितलें. व्यासांनीं तो शब्द लपविला नाहीं. तिच्या ऋतूंत अधर्म नव्हता. तो ओढणाऱ्याच्या हातांत होता आणि गप्प बसलेल्या वृद्धांत होता. या विषयावर मौन धरणें ही वडीलधाऱ्यांची मर्यादा होय, असें आपण समजतों. त्या सभेंतले वृद्धहि तसेंच समजत असतील.

ज्या बोलल्या, त्यांच्यामुळें मात्र थोडा मार्ग मोकळा झाला. ७ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें मीराबाई चानू यांनीं १९९ किलो वजन उचललें. एका किलोनें पदक हुकलें. आपल्या पाळीचा तो तिसरा दिवस होता, हें त्यांनीं स्पर्धेनंतर सर्व देशासमोर सांगितलें. विंबल्डनला पांढऱ्या वेषाचा नियम किती कडक! परंतु खेळाडू स्त्रियांनीं आपली अडचण मांडल्यावर २०२३ पासून त्यांना आंत गडद रंगाची चड्डी घालण्याची मोकळीक मिळाली. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तींत आपल्या महिलांनीं अंतिम सामन्यांत नेपाळचा ७८-४० असा पराभव केला, आणि त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे ही महाराष्ट्राची कन्या होती. पाळीच्या नांवानें ज्या मुलींना कडेला बसविलें जातें, त्यांच्यांत अशा किती असतील, याची मोजदाद कोण करणार?

करावयाचें तें थोडें आहे. मुलीच्या दप्तरांत दोन पॅड, एक जादा चड्डी आणि वापरलेला पॅड गुंडाळावयास कागद नेहमीं असावा. पॅड चार-सहा तासांनीं व सामन्यापूर्वीं बदलावा. कापड वापरावयाचें असल्यास तें साबणानें धुऊन उन्हांत वाळवावें. कपाटामागें अंधारांत वाळवूं नये. पालकसभेंत गुणांची चौकशी आपण करतोंच. त्याच वेळीं स्वच्छतागृहाच्या दाराला कडी, नळाला पाणी व कोपऱ्यांत झांकणाचा डबा आहे कीं नाहीं, हेंहि विचारावें. आणि कवायतीचा पांढरा गणवेश कमरेखालीं तरी गडद रंगाचा करावा, अशी सूचना लेखी द्यावी.

भगिनींना माझें उत्तर असें : मुलीला बरें वाटत असेल तर तिला अवश्य खेळूं द्यावें. सासूबाईंस सुश्रुताचा तो भाग वाचून दाखवावा; नातीचें हित त्यांनाहि हवेंच आहे. मामंजींना मात्र माझी, एका समवयस्काची, विनंति आहे. पुढच्या खेपेस वाणसामान आणावयास निघाल तेव्हां यादींत तें पाकीट लिहून घ्या, आणि दुकानांत त्याचें नांव साखर-पोह्यांच्याच आवाजांत घ्या. सामन्याच्या दिवशीं मैदानावर येऊन नातीचा खेळ पाहिलांत, तर अधिकच उत्तम.