कुलूप मॉर्फिनला, गोळ्या मात्र मोकळ्या

वैध मार्गाने अफू पिकविणाऱ्या जगातील मोजक्या देशांत भारताची गणना होते. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील परवानाधारक शेतकऱ्यांच्या पिकावर नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत प्रक्रिया होते. तरीही कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात तळमळणाऱ्या असंख्य भारतीय रुग्णांपर्यंत त्याच अफूपासून तयार होणारी मॉर्फिनची गोळी पोहोचत नाही.

या विसंगतीचे मूळ १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात (एनडीपीएस) आहे. मॉर्फिन बाळगण्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने लागू लागले. नोंदवहीतील चूकही तुरुंगात नेईल, या धास्तीने रुग्णालयांनी औषध ठेवणेच सोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी हे औषध न हाताळताच पदवीधर झाली, आणि कोणत्याही परवान्याच्या अटीपेक्षा हे नुकसान अधिक खोल आहे.

२०१४च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे 'अत्यावश्यक' ठरविली. राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. मात्र त्यासाठी संस्थेत वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. अडचण नेमकी तेथेच आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात असे तज्ज्ञ आहेत. उपचार संपवून गावी परतलेल्या रुग्णाला तालुक्याच्या ठिकाणी ते कोठून मिळणार?

दुसरीकडे, व्यसन कायद्याला बगल देऊन फोफावले आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात. त्यांतील मोठा हिस्सा औषधी गोळ्या व द्रावणांचा आहे. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएसच्या कक्षेत आले, तेव्हा टॅपेन्टाडॉल पुढे सरसावले. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेन्टाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रगोळ्या पश्चिम आफ्रिकेत धाडणाऱ्या पालघर जिल्ह्यातील कारखान्यावर छापा पडला आणि केंद्राने अशा मिश्रणांची निर्यात थांबविली. एका गोळीला कुलूप लावले की दुसरी बाहेर पडते, हा अनुभव आता जुना झाला आहे.

अमेरिकेचा दाखला देऊन मॉर्फिनला विरोध करणारे अर्धीच गोष्ट सांगतात. तेथे १९९६ नंतर ऑक्सिकॉन्टिनचा बेफाम प्रचार झाला. व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याची कबुली कंपनीला २००७ मध्ये द्यावी लागली. २०१२ मध्ये अशा औषधांच्या २५ कोटींहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. मग लंबक उलट फिरला. सरकारी रोगनियंत्रण केंद्राची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वे ही जणू कायद्याची मर्यादा मानून अनेक डॉक्टरांनी जुन्या रुग्णांचे औषध एकाएकी तोडले. चिठ्ठ्या घटल्या, पण २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे बळी एक लाखावर गेले. त्यांत बेकायदा फेंटॅनिलचा वाटा सर्वांत मोठा होता. अखेर २०२२ मध्ये त्या केंद्राला सुधारित तत्त्वे काढून आकडा नव्हे, रुग्ण पाहा, असे बजावावे लागले.

रुग्ण पाहणे म्हणजे काय, हे गूढ नाही. आधीच्या व्यसनाची चौकशी करणे, थोड्या मात्रेने व थोड्या दिवसांसाठी सुरुवात करणे, सोबत झोपेच्या गोळ्या टाळणे, औषध बंद करताना ते हळूहळू उतरविणे. आणि रुग्ण अडकलाच, तर त्याला हाकलून न देता ब्युप्रेनॉर्फिनसारखे उपचार देणे. पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून ते सुरू केले. अन्यत्र मात्र अशा रुग्णाला कोठे पाठवावे, हा सर्वसाधारण डॉक्टरपुढचा प्रश्नच आहे.

आपल्याकडील नोंदींची तऱ्हा आणखी विचित्र. 'एच-१' यादीतील औषध विकताना दुकानदाराने डॉक्टर व रुग्णाचे नाव स्वतंत्र वहीत टिपून ती तीन वर्षे जपायची असते. पण वही दुकानातच राहते. तोच रुग्ण त्याच आठवड्यात आणखी तीन डॉक्टरांकडे जाऊन आला काय, हे चौथ्या डॉक्टरला त्या वहीतून कळण्याची सोय नाही.